रविवारची झोप

घाटकोपरच्या भटवाडीत सहदेव घाडीला सगळे ‘व्हॅनवाले काका’ म्हणून ओळखतात. नाव विचारलं तर निम्म्या आयांना सांगता यायचं नाही. सकाळी त्याची पिवळी व्हॅन गल्लीच्या तोंडाशी लागते. हॉर्न मारायची त्याला सवय नाही. मुलं आपली आपण येतात, कुणाचे केस ओले, कुणाच्या हातात अर्धी चपाती. सहदेव कुणाची बुटाची नाडी बांधतो, कुणाच्या गळ्यातली बाटली सरळ करतो, आणि पुढच्या सीटवर बसण्यावरून होणारं रोजचं भांडण रोज नव्याने सोडवतो. दुसऱ्यांच्या मुलांना इतकं जपणाऱ्या या माणसाची स्वतःची मुलगी बोरिवलीला राहते आणि त्याला ती फक्त रविवारी मिळते.

भटवाडीतली खोली एकच, वर पोटमाळा. त्यात सहदेव, त्याची आई, भाऊ-भावजय आणि त्यांची दोन मुलं. मानसी लग्न होऊन आली ती या गर्दीत. ती लॅबमध्ये काउंटरला होती, दिवसभर उभी राहून दमून यायची, आणि घरी पाय पसरायला जागा नसायची. ‘कळव्याला का होईना, वेगळी खोली बघ,’ असं ती म्हणायची. सहदेव म्हणायचा, ‘बघू.’ त्याच्या मनात खोट नव्हती. आईला सोडून जायचं कसं, एवढंच त्याला सुटत नव्हतं, आणि न सुटलेल्या गोष्टीवर ‘बघू’ म्हणायचं हा त्याचा स्वभावच. दिशा झाली, रांगायला लागली, चालायला लागली, तरी तो बघतच होता. एके दिवशी मानसी मुलीला घेऊन बोरिवलीला आईकडे गेली ती परत आली नाही.

वांद्र्याच्या कोर्टात घटस्फोट संमतीने झाला. आरडाओरडा नाही, आरोप नाहीत. शेवटच्या तारखेला बाहेर पडल्यावर दोघांनी एकाच टपरीवर चहा घेतला, आणि सहदेवच्या तोंडून मानसीसाठी सवयीने गेलं, ‘एक में शक्कर कम.’ मानसीने त्याच्याकडे पाहिलं आणि चहा न संपवताच रिक्षाला हात केला.

पुढच्याच वर्षी आई गेली. मग भावाला बदलापूरला फ्लॅट मिळाला, तो बिऱ्हाड घेऊन तिकडे गेला. ज्या गर्दीला कंटाळून बायको गेली, ती गर्दीच उरली नाही. संध्याकाळी खोलीचं दार उघडलं की सहदेवला आतली जागा अंगावर यायची. कितीदा त्याने मानसीचा नंबर काढला आणि फोन परत खिशात टाकला. काय सांगणार? आई गेली, आता ये?

राहता राहिला रविवार. आठवडाभर तो रविवार गोळा करायचा. व्हॅनमधली मुलं कसले स्टिकर जमवतात, कुठल्या कार्टूनवरून भांडतात, ते तो कान देऊन ऐकायचा. दिशाशी बोलायला उपयोगी पडेल म्हणून. रविवारी सकाळी व्हॅन धुऊन तो बोरिवलीतल्या शिंपोलीला तिच्या बिल्डिंगच्या गेटवर हजर. दिशा आजीचं बोट धरून खाली यायची. पाच वर्षांची मुलगी, पण अंगाने साडेतीनची वाटावी. डोळ्यांखाली काळं, ओठ सतत उघडे. ‘बाबा,’ म्हणून ती त्याच्या पायाला मिठी मारायची, व्हॅनमध्ये बसायची, आणि पहिल्या सिग्नलला झोपायची.

नॅशनल पार्कात नेलं तर बाकावर त्याच्या दंडाला टेकून झोपायची. मॉलमध्ये नेलं तर खांद्यावर. मध्येच जागी झाली तर किरकिर करायची, हातातलं फेकायची, आणि परत डोळे मिटायची. सहदेव हालचाल न करता बसून राहायचा. हाताला मुंग्या यायच्या, गोळा करून आणलेल्या सगळ्या गोष्टी तोंडात तशाच राहायच्या. तिचं वजन अंगावर आहे याचं सुख होतं, नाही असं नाही. पण संध्याकाळी गेटवर तिला सोडताना वाटायचं, आज आपण भेटलो कुठे?

त्याला राग यायचा तो बोरिवलीच्या घराचा. रात्री उशिरापर्यंत टीव्ही चालू ठेवत असतील, पोर जागत असेल. मानसीला राग यायचा त्याचा. तिचे मेसेज सोमवारी यायचे. ‘काल परत आईस्क्रीम दिलंस ना? रात्रभर नाक चोंदलेलं.’ ‘टीचर म्हणाल्या वर्गात लक्ष नसतं, एका मुलीला चावली. रविवारी तू किती दमवतोस तिला?’ एकदा तिने लिहिलं, ‘परत गादी ओली करायला लागलीय.’ त्यावर सहदेवने काय लिहावं याचा दिवसभर विचार केला आणि काहीच लिहिलं नाही.

दिशा झोपेत घोरायची, हे त्याला माहीत होतं. त्याचं कुणालाच काही वाटलं नव्हतं. उलट आई होती तेव्हा नात आजोबांवर गेली म्हणून कौतुकच करायची. ‘आज्यार गेलां चेडू,’ म्हणायची, ‘घोरता बघ कसां.’ सहदेवचे वडील गिरणीतून पाळी करून आले की असे घोरत की शेजारी भिंतीवर थाप मारत. घाड्यांच्या घरात घोरणं म्हणजे गाढ झोप, आणि गाढ झोप म्हणजे तब्येत चांगली.

ऑक्टोबरमधला एक रविवार. ऊन इतकं की बागेत जायची सोय नव्हती, म्हणून त्याने दिशाला सरळ घाटकोपरला खोलीवर आणलं. दोन घास खाऊन ती चटईवर आडवी झाली. तेवढ्यात शेजारच्या नीलमवहिनी वाटीत बांगड्याचं तिखलं घेऊन आल्या. दारातच थबकल्या, आतल्या पोटमाळ्याकडे बघत म्हणाल्या, “कोण पाहुणे आलेत काय?”

“नाही हो. का?”

“घोरतंय कोणतरी.”

सहदेव हसला. “दिशा आहे ती.”

वहिनी आत आल्या, चटईवरच्या एवढ्याशा मुलीकडे त्यांनी पाहिलं. त्या हसल्या नाहीत. “आमचा नंदू सर्दी झाली की घोरतो. पण असं नाही हो, सहदेवभावोजी.”

आणि तेवढ्यात आवाज थांबला. दोघांनाही वाटलं, झोप लागली नीट. पण वहिनींनी त्याचा दंड धरला. दिशाची मान मागे ताणलेली होती, हनुवटी वर. छाती आत खेचली जात होती, पोट वर येत होतं, पुन्हा छाती, पुन्हा पोट. सगळं अंग श्वास घेत होतं आणि श्वास मात्र येत नव्हता. सहदेवने नाकासमोर तळहात धरला. काहीच लागलं नाही. तो तिला हलवणार, तोच ती खालून कुणी ओढावं तशी उसळली, मोठा घरघरता श्वास घेतला, कूस बदलली, आणि परत घोरायला लागली. मानेवर घामाची ओल आली होती. पंखा तर फुल होता.

“हे नेहमी होतं?” वहिनींनी विचारलं.

गेली दोन वर्षं सहदेवच्या खांद्यावर, दंडावर, मांडीवर ती झोपत आली होती, आणि त्याने तिचा झोपेतला चेहरा कधी समोरून पाहिला नव्हता.

तो तिच्याजवळ बसला. पुन्हा तसं झालं तेव्हा त्याने मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. आधी उठवावं का आधी घ्यावं कळत नव्हतं. पण नुसतं सांगून मानसीला पटणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी शिंपोलीच्या गेटवर मानसी स्वतः खाली आली होती. सहदेव म्हणाला, “वर येऊ का जरा? बोलायचंय.”

घटस्फोटानंतर तो त्या घराची पायरी चढला नव्हता. मानसीने क्षणभर विचार केला आणि ती पुढे झाली. वर तिची आई, सुगंधाबाई, देवाजवळ दिवा लावत होत्या. त्यांनी त्याला पाहून पदर सावरला. “बसा, सहदेव. पाणी आणते.”

त्याने मोबाइल मानसीच्या हातात दिला. तिने व्हिडिओ पाहिला, आणि तिचा चेहरा घट्ट झाला. “हे तुझ्या खोलीत झालंय. धूळ किती असते तिथे. आणि तुला काय म्हणायचंय, मी माझ्या मुलीकडे बघत नाही? लॅबची संध्याकाळची पाळी करून येते मी, आल्यावर माझे डोळे उघडे राहत नाहीत.”

“मी असं कुठे म्हटलं?”

“म्हणायला कशाला लागतं?”

“मानसी,” सुगंधाबाई पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभ्या होत्या. “रोज होतं ते.”

दोघं त्यांच्याकडे वळले.

“रोज?” मानसीने विचारलं.

“माझ्याजवळच निजते ना ती. उताणी झाली की श्वास अडकतो. मी तिला कुशीवर वळवते. उशीखाली अजून एक उशी देते. पाठीवर हात ठेवून पडते, म्हणजे थांबला की हाताला कळतं.” त्या अपराधी आवाजात बोलत होत्या. “मला वाटलं, सर्दीचा कोठा आहे, मोठी झाली की जाईल. तुला सांगितलं तर तू नोकरी सोडशील. म्हणून नाही बोलले.”

मानसी खाली बसली. मुलीच्या श्वासाची राखण करत म्हातारी कित्येक महिने धड झोपली नव्हती, आणि एकाच छताखाली राहून तिला पत्ता नव्हता. कोण कुणावर रागावणार? त्या घरात मग कुणी कुणावर रागावलं नाही.

शिंपोलीतल्या मुलांच्या डॉक्टरांनी व्हिडिओ पाहिला आणि लगेच अंधेरीच्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या मध्यम वयाच्या बाई होत्या, बोलायला साध्या. त्यांनी दिशाला ‘आ’ करायला लावलं, नाकातून बारीक दुर्बीण घालून मागे पाहिलं, आणि कागदावर पेनाने एक गळा काढला.

“हे टॉन्सिल्स, घशाच्या दोन बाजूंना. आणि नाकाच्या मागे ही एक गाठ असते, अ‍ॅडेनॉइड. लहान मुलांत ही असतेच. हिची फार वाढलीय. जागेपणी ती तोंडाने श्वास घेऊन भागवते. झोपल्यावर घशाचे स्नायू सैल पडतात आणि वाट बंद होते. श्वास अडला की मेंदू तिला अर्धवट उठवतो. ती उठते, श्वास घेते, परत झोपते. असं रात्रभर.”

“म्हणजे ती झोपतच नाही?” सहदेवने विचारलं.

“पडून असते. झोप लागत नाही. म्हणून दिवसा पेंगते, चिडते, चावते. काही मुलं पेंगत नाहीत, उलट अंगात आल्यासारखी धावत सुटतात. लोक म्हणतात, मस्तीखोर आहे. गादी ओली होणं, अंग न धरणं, तेही यातूनच होऊ शकतं. सर्दीत चार दिवस घोरलं तर चालतं. पण मूल रोज घोरत असेल, मध्ये श्वास थांबत असेल, तर दाखवायला हवं. तुम्ही आणलंत ते बरं केलंत.”

मानसी म्हणाली, “मला वाटायचं, हा आईस्क्रीम देतो म्हणून.”

“मला वाटायचं, ही टीव्ही दाखवते म्हणून,” सहदेव म्हणाला.

डॉक्टर हसल्या नाहीत. “सगळ्यांना असंच काहीतरी वाटतं,” त्या म्हणाल्या.

गाठी काढायला ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या; त्याआधी झोपेची तपासणी करायची ठरली. एक रात्र हॉस्पिटलमध्ये काढायची, अंगाला तारा लावून झोपायचं, आणि सोबत एकालाच थांबता येणार होतं. कोण थांबणार, असं नर्सने विचारलं. मानसी बॅग घेऊन तयारच होती. दिशा म्हणाली, “बाबा.”

मानसीच्या तोंडावरून काहीतरी सरकून गेलं. तिने बॅग सहदेवकडे दिली. “यात जास्तीचे कपडे आहेत. ती गोधडी तिच्या गालाजवळ ठेव. आणि झोपेत कूस बदलताना ती ‘आई’ म्हणते. घाबरू नकोस. ‘आहे’ म्हटलं की पुरतं तिला.”

टेक्निशियनने दिशाच्या केसांत, कपाळावर, छातीवर तारा चिकटवल्या, नाकाखाली नळी बसवली, बोटाला लाल दिव्याचा चिमटा लावला. दिशाने आरशात पाहून विचारलं, “मी रोबो झाले का?” सहदेव म्हणाला, “झकास दिसतेस.” मग दिवा बारीक केला. कोर्टाच्या कागदात दिवस लिहिले होते, रात्र कुठेच लिहिली नव्हती. वेगळं झाल्यापासून मुलीच्या शेजारी रात्र काढायची ही त्याची पहिलीच वेळ. कधीतरी ती पुटपुटली, “आई.” सहदेव तिच्या कानाशी वाकून म्हणाला, “आहे.” आणि ती गप्प झाली. त्या एका शब्दात तो कुणाच्या वतीने बोलला, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. सकाळी नर्स तारा काढायला आली तेव्हा त्याला वाटलं, अजून जरा राहू दे.

डॉक्टर म्हणाल्या होत्या तेच तपासणीत आलं. टॉन्सिल्स आणि अ‍ॅडेनॉइड, दोन्ही काढायचं ठरलं.

ऑपरेशनच्या दिवशी दिशाला आत नेल्यावर सुगंधाबाई बाहेर जप करत बसल्या आणि या दोघांना त्यांनी चहाला पिटाळलं. कॅन्टीनच्या कोपऱ्यात दोघं समोरासमोर बसले.

मानसी म्हणाली, “तुझी आई गेली तेव्हा मी निघाले होते.”

सहदेवने मान वर केली.

“कुर्ल्यापर्यंत आले. मग वाटलं, आता कुठल्या नात्याने जायचं? परत फिरले.”

“यायला हवं होतंस.”

“हो.”

मग सहदेव म्हणाला, “खोली रिकामी आहे. दादा बदलापूरला गेला.”

“माहितीय. नीलमवहिनींनी सांगितलं होतं, तेव्हाच.”

“मग?”

“मग काय? मी वाट बघत होते, तू सांगशील म्हणून. पहिलं वर्षभर तरी बघत होते.” तिने कप गोल फिरवला. “आता नाही रे. आता सवय झालीय. तिथे माझं कपाट आहे, माझी खिडकी आहे. सकाळी उठून कुणाला काय वाटेल याचा विचार करावा लागत नाही. ते सगळं परत उचलून आणायचं बळ नाही माझ्यात.”

सहदेवला खूप बोलायचं होतं. तो एवढंच म्हणाला, “मी उशीर केला.”

“केलास,” मानसी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं.

ते वर येऊन बसले तोच नर्सने दारातून विचारलं, “दिशा घाडीचं कोण आहे?” दोघं एकदम उभे राहिले.

पहिला आठवडा वाईट गेला. घसा दुखायचा, दिशा काही गिळायला तयार नसायची. डॉक्टरांनी गार, मऊ खायला सांगितलं होतं; ज्या आईस्क्रीमवरून एवढी वर्षं भांडण झालं तेच आता मानसी चमच्याने भरवायची. आतल्या सुजेमुळे ती काही दिवस जास्तच घोरली. मानसीने घाबरून त्याला फोन केला. “डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, असं होतं म्हणून,” तो म्हणाला, आणि फोन ठेवून स्वतः डॉक्टरांना लावला. मग हळूहळू सूज उतरली. एके दिवशी सुगंधाबाईंनी सांगितलं की त्या काल दिशाच्या पाठीवरचा हात काढून झोपल्या. त्यांना सकाळी कुणी उठवलं नाही.

दोन-तीन महिन्यांत दिशा उंच दिसायला लागली. गादी कोरडी राहू लागली. शाळेतून चावण्याची तक्रार थांबली आणि बडबडीची सुरू झाली. डॉक्टरांनी एवढंच बजावलं, की परत रोज घोरायला लागली तर थांबू नका, दाखवायला आणा. काहींना पुढेही उपचार लागतात.

आणि रविवारी ती झोपेनाशी झाली.

सहदेवला हवं होतं ते सगळं मिळालं. ती व्हॅनमध्ये पुढे बसायची आणि बोरिवली ते घाटकोपर तोंड बंद ठेवायची नाही. हरणाला शिंगं का? पुलाखाली कोण राहतं? पार्कात ती पुढे धावायची आणि तो मागे. संध्याकाळी तो थकून जायचा. पण कधी बाकावर बसला की त्याच्या दंडाला ते जुनं वजन आठवायचं. आजाराची आठवण कुणी काढतं का? त्याला स्वतःची लाज वाटायची. तरी आठवायचं.

जागं मूल प्रश्नही विचारतं. एकदा खोलीवर पोटमाळ्याच्या शिडीवर बसून, पाय हलवत तिने विचारलं, “बाबा, तुझ्याकडे एवढी जागा आहे. आई का नाही राहत इथे?”

“तिचं घर तिकडे आहे ना.”

“आणि माझं?”

“तुझं दोन्हीकडे.”

“मग मी इथे झोपत का नाही?”

या वेळी मात्र तो गप्प बसला नाही. संध्याकाळी गेटवर त्याने मानसीला तिचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला, आणि पुढे म्हणाला, “शनिवारची रात्र दे मला. मला हवीय.”

इतक्या वर्षांत त्याने ‘मला हवंय’ असं म्हटलेलं मानसीने बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. “कपडे भरून ठेवते,” ती म्हणाली.

त्या शनिवारी नीलमवहिनींकडे जेवून दिशा अंथरुणावर आली आणि गोष्ट अर्ध्यावर असतानाच झोपली. तोंड मिटलेलं. आवाज नाही. सहदेवला सवय नव्हती. तिच्या पोटावरचं पांघरूण खाली-वर होतंय ना, हे तो वाकून बघत होता तेवढ्यात फोन वाजला.

“झोपली?” मानसीने विचारलं.

“आत्ताच.”

“घोरतेय?”

“नाही. काहीच आवाज नाही.”

“बरं.”

बोलायचं संपलं होतं. तिच्या मागे सुगंधाबाईंची मालिका चालू होती, भांडी आवरल्याचा आवाज येत होता. सहदेवने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडून तिनेही ठेवला नाही. मग कुणीतरी तिकडे दाराची बेल वाजवली आणि ती म्हणाली, “उद्या केस धू तिचे. शाम्पू बॅगेत आहे.”

“धुतो,” तो म्हणाला.